डावा राहिला

बाईंनी पिशवीतून पळसाच्या पानात गुंडाळलेले बोकडाचे दोन डोळे काढले आणि टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवले, तेव्हा मोटेगुरुजी खुर्चीवरून उठले आणि दारात जाऊन बाहेर बघत उभे राहिले. पुढं बसलेल्या मुली मागं सरकल्या. मागची पोरं पुढं आली.

"भ्यायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "सकाळीच खाटकाकडून आणलेत. सगळे जवळ या. डोळा इतक्या जवळून बघायला परत मिळणार नाही."

मी तेव्हा सहावीत होते. आमचं गाव बार्शीच्या पलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत. घोलपबाई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून वर्षातून एकदा यायच्या. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून लांबून वाचायला लावायच्या, पापण्या ओढून बघायच्या आणि मग बोलायच्या. शेवग्याचा पाला खा. एकमेकांच्या टॉवेलानं तोंड पुसू नका. धनुष्यबाण खेळताना तोंडाकडं नेम धरू नका. आम्ही ऐकायचो आणि सुट्टीची घंटा झाली की विसरायचो. त्या दिवशी मात्र कुणी हललं नाही.

"गुरुजी, तुमची चुन्याची डबी द्या जरा."

गुरुजींनी दारातूनच खिशातली डबी पुढं केली. शाळेत तंबाखू खाऊ नये असं ते आम्हाला सांगत असत, त्यामुळं पोरं खुसखुसली. बाईंनी काडीच्या टोकावर चुना घेतला आणि दोन्ही डोळ्यांना लावला.

"तू ये गं. नाव काय तुझं?"

"शालन."

"हा तांब्या घे. या डोळ्यावर ओत. खाली बादली आहे, सांडलं तरी चालेल. मी म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

मी ओतत राहिले. तांब्या संपला की दुसऱ्या मुलीनं भरून द्यायचा. हात भरून आला तरी बाई थांब म्हणेनात. दुसरा डोळा तसाच पडून होता आणि सगळे त्याच्याकडं बघत होते, कारण तो आमच्यासमोर पांढरा होत चालला होता. आधी काचेवर वाफ धरावी तसा, मग उकडलेल्या अंड्यासारखा. मी धुतलेला डोळा धुरकट झाला होता, पण त्याचं आतलं काळं दिसत होतं.

"कळलं?" बाई म्हणाल्या. "डोळ्यात चुना गेला तर दवाखाना नंतर. आधी पाणी. तिथल्या तिथं, मिळेल ते पाणी, भरपूर. पापणी उघडून धरायची आणि ओतायचं. पोर रडेल, चावेल, तरी ओतायचं. तूप नाही, मध नाही, कुणाचं दूध नाही. फक्त पाणी."

किसन नावाच्या पोरानं हात वर केला. "बाई, चुन्यात पाणी घातल्यावर तो उकळतोय की."

"चांगलं विचारलंस. उकळते ती चुनकळी. एकदा उकळून झाली की तो विझलेला चुना. तो परत उकळत नाही. पण डोळा मात्र जाळत राहतो, निघून जाईपर्यंत. आणि पाण्याशिवाय तो निघत नाही."

हे सगळं मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

घरात आम्ही सहा माणसं. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची बायको ती माझी मोठी आई. माझी स्वतःची आई मी रांगत होते तेव्हाच गेली. मोठ्या आईला तेव्हा मूल नव्हतं. तिनं मला उचलून घेतलं ते शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही, असं शेजारच्या शेवंतामावशी सांगायच्या. रोज सकाळी चुलीपुढं बसून ती माझे केस विंचरायची, दोन वेण्या घालायची, आणि वेणी घट्ट झाली का म्हणून विचारत दोन्ही गालांवर हात ठेवून माझं तोंड स्वतःकडं वळवायची. मग खूप वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला नवनाथ झाला. आम्ही त्याला नाथा म्हणायचो. तो चार वर्षांचा झाला होता. त्याच्यानंतरही मोठी आई मला काही कमी करत नव्हती. वडिलांना मी दादा म्हणायची. आणि आत्या होती, तिचं लग्न व्हायचं होतं, पण त्या दिवसांत ती मामाच्या गावी गेलेली होती.

दसरा जवळ आला होता. घराला सफेदी करायची म्हणून नानांनी अंगणातल्या पत्र्याच्या पिंपात सकाळी चुनकळी टाकली आणि वरून घागर ओतली. खळखळून उकळी फुटली, वाफा निघाल्या, पिंप थरथरायला लागलं. नाथा टाळ्या पिटत नाचत होता.

"लांब हो," नानांनी त्याला बाजूला केलं. "पाणी पडलं की पेटतोय हा. हात घातलास तर हाडापर्यंत शिजंल."

दुपारपर्यंत पिंप गार झालं. नाना शिडी लावून दर्शनी भिंतीला कुंचा मारत होते. दादा रानात होते. मोठी आई गोधड्या धुवायला ओढ्यावर गेली होती. मी हौदाजवळ डबे घासत होते. जाताना ती म्हणाली होती, "शाले, नाथाकडं ध्यान ठेव," आणि मी ठेवलं होतं. तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर विटेच्या तुकड्यांशी खेळत होता. मी डबा उपडा घालायला वळले, तेवढ्यात त्यानं एक तुकडा उचलून पिंपात टाकला आणि आत काय होतंय ते बघायला वाकला.

सकाळी टाकल्यावर उकळलं होतं, म्हणून आताही उकळेल असं त्याला वाटलं असणार.

त्याची किंकाळी ऐकून मी वळले. तोंडभर पांढरं झालं होतं. दोन्ही डोळे मिटून तो हात झाडत होता. लोक म्हणतात अशा वेळी काही सुचत नाही. मला सगळं सुचलं. मी त्याला उचलून हौदाच्या दगडावर आडवा केला, त्याचं डोकं माझ्या दोन गुडघ्यांत धरलं, उजव्या डोळ्याच्या पापण्या बोटांनी फाकवल्या आणि तांब्या ओतायला लागले. तो माझ्या मनगटाला चावला. मी ओतत राहिले. पांढरं पाणी दगडावरून खाली चाललं होतं. थांबायचं नाही, थांबायचं नाही, असं मी मोठ्यानं म्हणत होते बहुतेक. हळूहळू पाणी स्वच्छ व्हायला लागलं. पापणी उलटून बघितली. डोळा लालभडक होता, पण आतलं काळं दिसत होतं.

"झालं नाथा, आता हा एक," म्हणून मी त्याचं तोंड दुसरीकडं वळवलं आणि डाव्या डोळ्यावर बोटं ठेवली.

तेवढ्यात नानांनी मागून माझा दंड धरला.

"काय करतीस? चुन्यावर पाणी घालतीस?"

"नाना, धुवावं लागतंय. बाईंनी शाळेत—"

"सकाळी बघितलंस न्हवं कसा उकळत होता? त्याच्या डोळ्यात उकळवतीस?"

"तो उकळून झालाय, नाना. आता उकळत नाही. डावा राहिला. डावा डोळा राहिला, सोडा मला."

नानांनी मला असं ओढलं की मी डब्यांवर जाऊन पडले. तांब्या हौदात गेला. त्यांनी नाथाला खांद्यावर टाकलं आणि खांद्यावरच्या टॉवेलानं त्याचा डोळा चोळून पुसत घरात नेलं.  मी मागं पळत होते आणि तेच तेच म्हणत होते, डावा राहिला, डावा राहिला.

ओरडा ऐकून शेवंतामावशी आल्या. कुणीतरी मोठ्या आईला बोलवायला गेलं. ती ओल्या लुगड्यानं धावत आली.

"काय झालं माझ्या बाळाला?"

"डोळ्यात चुना गेला," नाना म्हणाले. "आणि ही बया वरनं पाणी ओतत बसली होती."

मोठ्या आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. तिला काही कळत नव्हतं, एवढंच.

"मोठी आई, पाणीच घालायचं असतं. मी उजवा धुतलाय. डावा धुवू दे."

"तूप आणा आधी," मावशी म्हणाल्या. "आग थंड करा पोराची."

मी हौदातून तांब्या काढून भरून आणला. मावशींनी दारातच माझे दोन्ही हात धरले. "शाले, गप बस जरा. मोठी माणसं हायेत न्हवं." मी त्यांच्या हातून सुटायला बघत होते आणि तांब्यातलं पाणी माझ्याच परकरावर सांडत होतं. आत मोठी आई नाथाच्या दोन्ही डोळ्यांत वाटीतलं तूप बोटानं सोडत होती. त्याच्यावर फुंकर घालत होती. एक सांगायला हवं, तिच्याइतक्या मायेनं कुणी कुणाला औषध घातलेलं मी आजवर बघितलेलं नाही.

तो रडून रडून थकला आणि तिच्या खांद्यावर झोपला.

"बघ," मावशी म्हणाल्या. "तुपानं निवलं."

संध्याकाळी दादा रानातून आले. मी त्यांना गोठ्यात गाठून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नानांकडं गेले आणि म्हणाले, "दवाखान्यात न्यायचं का?"

"शेवटची एस. टी. गेली," नाना म्हणाले. "झोपलाय आता. सकाळी बघू."

दादा परत आले आणि बैलांपुढं वैरण टाकायला लागले. मी म्हणाले, "तुम्ही तरी धुवा त्याचा डोळा. झोपेत धुवा." दादा म्हणाले, "त्याच्या आईबापाच्या मांडीवरनं पोर ओढून घेऊ का मी?"

सकाळी नाथाच्या पापण्या चिकटल्या होत्या. मोठ्या आईनं ओल्या कापसानं त्या सोडवल्या. उजवा डोळा सुजला होता, पण तो त्यानं माझ्याकडं फिरवला. डावा उघडला तेव्हा मोठी आई जागच्या जागी कोसळली. तिची दातखिळी बसली. शेवंतामावशी म्हणाल्या, "हिला घेऊन कुठं जाता, हिलाच भरती करावं लागंल. मी बघते हिच्याकडं, तुम्ही पोराला न्या." नाथा माझ्या गळ्याला घट्ट धरून होता, सोडेना. म्हणून नाना, दादा, नाथा आणि मी, असे आम्ही सोलापूरला निघालो.

तिथल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव गावात कुणीतरी सांगितलं होतं. ते वयस्कर होते, हळू बोलायचे. त्यांनी नाथाला टेबलावर झोपवलं, डोळ्यात कसले तरी थेंब घातले, आणि डावी पापणी काडीवर उलटी केली. पापणीच्या आत चुन्याची खपली चिकटलेली होती. ती त्यांनी कापसानं काढली. मग बाटलीतून नळीनं पाणी सोडून बराच वेळ धूत राहिले. पाणीच. मी बघत होते आणि नानाही बघत होते.

मग डॉक्टर हात पुसत बाहेरच्या खोलीत आले. बोलले ते स्वच्छ मराठीत.

"उजवा डोळा वाचेल. थोडी सूज आहे, थेंबांनी जाईल. डावा गेलाय. बुबुळ पांढरं झालंय, ते परत यायचं नाही. एक विचारतो. उजव्यावर पाणी कुणी घातलं होतं?"

नानांनी दादांकडं बघितलं. मग मी म्हणाले, "मी."

डॉक्टरांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"शाळेत शिकवलंय."

"मग डाव्यावर का नाही घातलंस?"

मी खाली बघितलं. उत्तर मला येत होतं, पण ते माझं नव्हतं.

"मी वढलं तिला," नाना म्हणाले. ते भिंतीला टेकले होते. "ती सांगत होती. मला वाटलं, चुना उकळंल डोळ्यात. मी वढून काढलं तिला."

डॉक्टर त्यांना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा वाटलं. ते एवढंच म्हणाले, "हिनं धुतला म्हणून तुमच्या पोराला एक डोळा आहे. दुसराही धुऊ दिला असतात तर कदाचित दोन असते. आता त्याचा विचार करू नका. थेंब वेळेवर घाला आणि आठवड्यानं परत आणा."

नाना खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडले. दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

परतीच्या एस. टी.त नाथा माझ्या मांडीवर झोपला होता. त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. मला फार वाईट वाटत होतं, आणि तरीही आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं होतं. आता मोठ्या आईला कळेल. डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय आणि नानांनी स्वतः कबूल केलंय. ती रडेल, पण मला जवळ घेईल. काय काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. पुढच्या बाकावर नाना आणि दादा खालच्या आवाजात काहीतरी बोलत होते. नानाच जास्त बोलत होते. दादा मधूनमधून मान हलवत होते. खिडकीच्या खडखडाटात मला एक शब्द ऐकू आला नाही.

मोठी आई उंबऱ्यात बसली होती. तिनं नाथाला ओढून घेतलं, पट्टीवर हात ठेवला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"उजवा बरा हाय," नाना म्हणाले. "डावा... उशीर झाला म्हणाले."

"कशानं गेला?"

"चुन्यानं."

"चुन्यानं गेला का पाण्यानं?"

नाना चप्पल काढत होते. त्यांनी एक काढली, दुसरी काढली. "आता ते काय विचारतीस," ते म्हणाले.

मी वाट बघत होते. मग माझ्याच्यानं राहवेना. "मोठी आई, डॉक्टर म्हणाले, मी धुतला म्हणून उजवा राहिला. डावा पण धुतला असता तर राहिला असता. नानांनी स्वतः सांगितलं त्यांना."

मोठी आई नानांकडं वळली. "खरं का वो?"

"पोर हाय," नाना म्हणाले. "घाबरलीय. काय बी बोलंल."

तिनं मग माझ्या वडिलांकडं बघितलं. "भावजी, तुमी तर होतात की तिथं."

दादा माझ्या शेजारीच उभे होते. इतके जवळ की त्यांच्या सदऱ्याला एस. टी.च्या धुरळ्याचा वास येत होता. मी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं. ते बघत होते समोरच्या भिंतीकडं, अर्ध्या पांढऱ्या केलेल्या आणि अर्ध्या तशाच राहिलेल्या.

"डॉक्टर विंग्रजीत बोलत होते, वहिनी," दादा म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं."

 तिनं मला मारलं नाही, शिवी दिली नाही. नाथाला उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दादा मला रानात घेऊन गेले. विहिरीच्या काठावर बसून त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. मी खात नाही असं बघितल्यावर म्हणाले, "शाले, ऐक. नवऱ्यानं तुझा हात धरला म्हणून पोराचा डोळा गेला, हे तिला कळलं तर ती त्याच्या घरात एक दिवस ऱ्हाणार न्हाई. पोराला घिऊन माहेरी जाईल, न्हाईतर याच विहिरीत. तिला तू ओळखतीस."

"आणि माझं?"

"तू ल्हान हायेस. ल्हानाचं माणसं इसरून जातात."

"मी खोटं बोलले असं तिला वाटतंय, दादा."

"वाटू दे थोडे दिवस. तुझी आई गेल्यावर या दोघांनी तुला वाढवलं. मी एकटा काय करणार हुतो?" एवढं बोलून त्यांनी स्वतःचीही भाकरी खाली ठेवली. "त्यानं माझं पाय धरलं एस. टी.त. थोरला भाऊ हाय माझा."

मी त्यांना काही वचन दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

त्यानंतर मोठी आई मला पूर्वीसारखंच ताट वाढायची. दिवाळीला परकर-पोलकं शिवलं. पण सकाळी मी फणी घेऊन चुलीपुढं जाऊन बसले, तेव्हा ती म्हणाली, "मोठी झालीस आता, तुझी तू घाल." मी उठले आणि आरसा शोधायला गेले. नाथा माझ्याकडं धावत आला की ती त्याला हाक मारून माघारी बोलवायची. दर आठवड्याला नाना त्याला सोलापूरला न्यायचे. मोठी आई म्हणायची, मी येते. नाना म्हणायचे, तुला गाडी लागते, कशाला. त्यांनी तिला त्या डॉक्टरांकडं कधीच नेलं नाही.

गावात गोष्ट पसरली ती तिच्या तोंडून, आणि तिला माहीत होती तशीच. डोळ्यांच्या बाईनं शाळेत पोरांना काहीबाही शिकवलं आणि पोरीनं भावाच्या डोळ्यात पाणी ओतलं. पुढच्या वर्षी घोलपबाई येणार असं कळल्यावर निम्म्या लोकांनी त्या दिवशी पोरं शाळेत पाठवलीच नाहीत. मी गेले.

मोटेगुरुजींनी बाईंना आल्या आल्याच सांगितलं असावं. तपासणी झाल्यावर बाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"किती वेळ धुतलास?"

"पाणी स्वच्छ येईपर्यंत."

"कोणता?"

"उजवा. डाव्याला हात लावला आणि नानांनी ओढलं."

"आणि त्याला कोणत्या डोळ्यानं दिसतं?"

"उजव्या."

 बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "चल, तुझ्या घरी जाऊ. मी सांगते तुझ्या काकूंना. पाच मिनिटांचं काम आहे."

मला ते किती हवं होतं ते मी सांगू शकत नाही. मी पायरी उतरलेही. मग मला विहिरीचा काठ आठवला, आणि दादांनी खाली ठेवलेली भाकरी. मोठी आई घरात एकटी असेल. बाई सांगून निघून जातील, एस. टी. पकडतील. नंतर घरात आम्हीच असू.

"नको बाई," मी म्हणाले.

"का?"

"ती जीव देईल."

बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि पिशवी खांद्यावरून खाली घेतली. "मी तुला शिकवलं ते बरोबर होतं ना गं?" त्या म्हणाल्या. त्या मोठ्या बाई, सरकारी नोकरीतल्या, आणि मला विचारत होत्या. मी म्हणाले, "हो, बरोबर होतं." पुढच्या वर्षापासून त्या आमच्या गावाला आल्या नाहीत. त्यांची बदली झाली की गावानंच नको म्हणून कळवलं, ते मला समजलं नाही.

माझं लग्न लवकर झालं. मी लातूरला आले, मुलं झाली. दादा गेले. ते ज्या घराला जपत होते ते घर टिकलं, हे खरं आहे. मोठी आई आणि नाना एकत्र म्हातारे झाले. नाथा उजव्या डोळ्यावर शिकला, गावात पिठाची गिरणी टाकली, चांगली चालवली. माझ्याशी तो सरळ वागायचा, भाऊबीजेला यायचा, पण त्या दिवसाबद्दल त्यानं मला एकदाही काही विचारलं नाही. त्याला काय आठवत होतं आणि काय सांगितलेलं होतं, मला माहीत नाही.

त्याचं लग्न जमायला वेळ लागला. डोळा बघून लोक मागं फिरायचे. शेवटी परांड्याकडचं एक स्थळ आलं, चांगली माणसं होती. मुलीकडचे घर बघायला येणार म्हणून मोठ्या आईनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. मी दोन दिवस आधी जाऊन सगळं आवरलं, पोह्यांची तयारी केली. बैठकीत नाना एका कडेला बसले होते. पाठीत वाकले होते, ऐकायला कमी यायला लागलं होतं. मी पोह्याच्या बश्या देत होते.

मुलीच्या मामानं सगळ्यांना विचारायचं होतं ते विचारलं. "मुलाच्या डोळ्याचं काय झालं? जन्माचं तर नाही ना? उद्या पोरांना व्हायला नको."

"न्हाई न्हाई, जन्माचं न्हाई," मोठी आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, जुनं दुखणं सांगावं तसा. "चार वर्साचा हुता. चुना उडाला डोळ्यात. आणि ही शालन माझी, पुतणी, हिनं वरनं पाणी घातलं. पोरपणाच्या भरात. त्यानं डोळा गेला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या हातात दोन बश्या होत्या. मी नानांकडं बघितलं. खरं काय ते माहीत असलेले त्या खोलीत आता ते आणि मी, दोघंच. त्यांना ऐकू आलं होतं. ते त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"पाव्हण्यांना च्या आणा," नाना म्हणाले.

माझं तोंड बघून मोठ्या आईला वाटलं असावं, आपण चारचौघांत नको ते बोललो. ती गुडघ्यावर हात देत उठली, माझ्याजवळ आली. तिनं माझ्या हातातल्या बश्या काढून घेतल्या, खाली ठेवल्या, आणि दोन्ही गालांवर हात ठेवून माझं तोंड स्वतःकडं वळवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"रडू नको," ती म्हणाली. "माझ्या मनात आता कायसुद्धा न्हाई बघ. कवाच सोडून दिलंय मी. तू तरी केवढीशी हुतीस. तुला काय कळत हुतं."

तिचे तळहात खरखरीत झाले होते आणि गरम होते. नाथा दारात उभा राहून आमच्याकडं बघत होता.

"हो," मी म्हणाले. "काहीच कळत नव्हतं."

ती हात काढेपर्यंत मी हलले नाही.